किडलेली दाढ वाचवावी की काढावी? बेळगाव सीमाभागातील रुग्णांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागांत दाढ दुखू लागली की प्रथम लवंग, मग मेडिकलमधली गोळी आणि अगदीच असह्य झाले की दवाखाना, असा क्रम बहुतेक घरांत असतो. दवाखान्यात रूट कॅनाल (दाढेची आतली नस काढून नळ्या साफ करणे) आणि कॅप (दाढेवर बसवायचे टोपण) यांचा आकडा ऐकल्यावर पुढचे प्रश्न पडतात. त्यांतील नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रत्यक्ष तपासणी आणि एक्स-रे यांची जागा ही उत्तरे घेऊ शकत नाहीत. मात्र दवाखान्यात बसल्यावर काय विचारायचे, हे त्यांतून नक्की कळेल.

डॉक्टरांनी रूट कॅनाल आणि कॅप सांगितली आहे. एवढा खर्च करण्यापेक्षा दाढ काढलेली बरी नाही का?

काही दाढांच्या बाबतीत खरोखरच बरी आणि काहींच्या बाबतीत अजिबात नाही. खर्चाचा मुद्दा मांडण्यात संकोचण्यासारखे काही नाही. परंतु एका बाजूला दहा हजार आणि दुसऱ्या बाजूला आठशे असे दोनच आकडे समोर ठेवले, तर उत्तर आधीच ठरून जाते, कारण दाढ काढल्यानंतर रिकाम्या जागेचे काय करायचे याचा खर्च त्यात धरलेला नसतो. निर्णय तीन गोष्टींवर अवलंबून ठेवावा: दात कोणता आहे, त्याचा किती भाग निरोगी उरला आहे, आणि तो गेल्यास त्याची जागा भरावी लागणार आहे का.

अक्कलदाढ किडली असेल तर सहसा काढून टाकणेच योग्य ठरते. ती चावण्याच्या कामी फारशी येत नाही, तिची मुळे वाकडीतिकडी असतात, ब्रश तिथवर पोहोचत नाही, आणि तिच्या जागी दुसरा दात बसवावा लागत नाही. याउलट सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली मोठी दाढ भाकरी, भात, भाजी चावण्याचा मोठा भार उचलते. ती गेली की शेजारचे आणि समोरचे दातही हळूहळू जागा सोडू लागतात. समोरच्या पटाशीच्या दाताला बहुधा एकच मूळ आणि एकच नळी असते, त्यामुळे त्याचे रूट कॅनाल दाढेपेक्षा सोपे आणि स्वस्त असते. तो काढून पुढच्या आयुष्यात खोटा दात सांभाळत बसण्यापेक्षा तो वाचवण्यातच शहाणपण आहे.

अडचण येते ती अक्कलदाढेच्या अलीकडच्या, म्हणजे दुसऱ्या मोठ्या दाढेची. तिच्या समोरची दाढ आधीच गेलेली असेल, तर हिच्यावर मोठा खर्च करण्याचा फायदा कमी होतो. समोरची दाढ शाबूत असेल आणि त्या बाजूने नेहमी चावले जात असेल, तर वाचवण्याकडे कल ठेवावा. माझ्या मते पहिल्या मोठ्या दाढेसाठी प्रसंगी हातउसने घ्यायलाही हरकत नाही, पण कोणी कितीही आग्रह केला तरी किडलेल्या अक्कलदाढेच्या कॅपसाठी कर्ज काढू नये.

महिनाभर ठणका होता, आता आपोआप थांबला आहे. मग उपचार कशाला?

ठणका थांबणे म्हणजे दात बरा होणे नव्हे. दाताच्या आत मऊ ऊतक असते, त्यालाच आपण नस म्हणतो. कीड तिथवर पोहोचली की ही नस सुजते, आणि कडक भिंतींच्या आत सुजायला जागा नसल्यामुळे असह्य कळ येते. पुढे ती नस मरते आणि दुखणे बंद होते. जंतू मात्र मेलेल्या नसेत वाढत राहून मुळाच्या टोकाला, हाडात उतरतात. काही महिन्यांनी हिरडीवर पुळी येते, पू येतो किंवा एका रात्रीत गाल सुजतो. या शांत काळात पुष्कळ लोक दवाखान्याची फेरी टाळतात आणि नेमक्या याच काळात दाढ वाचण्याजोगी उरत नाही.

नुसते सिमेंट भरून भागणार नाही का?

नस जिवंत आणि पूर्ववत होण्याच्या स्थितीत असेल तर भागते, आणि त्याचा खर्च रूट कॅनालच्या मानाने बराच कमी असतो. थंड पाणी किंवा गोड लागल्यावर कळ येऊन काही सेकंदांत जात असेल, तर आशा ठेवायला जागा आहे. कळ बराच वेळ रेंगाळत असेल, गरम चहाने वाढत असेल, काही न खाता आपोआप सुरू होत असेल किंवा रात्री झोपेतून उठवत असेल, तर नस बहुधा वाचण्यापलीकडे गेलेली असते. अशा दाढेत वरून सिमेंट भरणे म्हणजे आतले दुखणे झाकून ठेवणे होय. निर्णय अर्थातच लक्षणे, थंडाची चाचणी, ठोकून पाहणे आणि एक्स-रे या साऱ्यांवरून केला जातो.

रूट कॅनालमध्ये नेमके काय करतात? फार दुखते असे ऐकले आहे.

प्रथम लिग्नोकेनचे इंजेक्शन देऊन तो भाग बधिर करतात. मग दाढेला वरून छिद्र पाडून मेलेली किंवा सुजलेली नस काढतात, मुळांमधील बारीक नळ्या सुईसारख्या फाइलने घासून आणि सोडियम हायपोक्लोराइटसारख्या जंतुनाशक द्रावणाने धुऊन स्वच्छ करतात, आणि शेवटी गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने त्या भरून बंद करतात. मोठ्या दाढेत अशा तीन किंवा चार नळ्या असतात; वरच्या पहिल्या दाढेतली चौथी नळी इतकी बारीक असते की ती शोधण्यातच बराच वेळ जातो. दाढेचे दर जास्त असतात ते याच कारणाने.

दुखण्याची भीती बहुतेक जुन्या अनुभवांतून आलेली आहे. बधिरता नीट आली की उपचार सहन होतो; नंतर दोन-तीन दिवस चावताना ठसठस राहू शकते. फार सुजलेल्या खालच्या दाढेत मात्र पहिल्या इंजेक्शनाने अनेकदा पुरेशी बधिरता येत नाही, तेव्हा निमूटपणे सोसत न बसता हात वर करून सांगावे.

रूट कॅनाल केले, दुखणे थांबले. कॅप टाळली तर चालेल का?

समोरच्या दातांत कधी कधी चालते, दाढांत सहसा चालत नाही. किडीने आणि उपचाराच्या छिद्राने दाढ आतून पोकळ झालेली असते, आणि चावण्याचा दाब तिच्या उरलेल्या भिंतींना बाहेरच्या बाजूला ढकलतो. अशी दाढ ऊस दाताने सोलताना किंवा सुपारी फोडताना उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली की ती काढण्यावाचून गत्यंतर नसते आणि रूट कॅनालचे सगळे पैसे वाया जातात. आपल्या भागात उसाच्या हंगामात हा प्रकार घडायला कांडेही लांब शोधावे लागत नाही. ज्यांना कॅपचे पैसे जमणारच नाहीत, त्यांनी रूट कॅनाल सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. अर्धा उपचार हा सर्वांत महाग पर्याय असतो.

कॅपच्या प्रकाराबद्दल थोडक्यात सांगायचे तर, न दिसणाऱ्या मागच्या दाढेला साधी धातूची कॅप उत्तम काम देते, ती टिकाऊ असते आणि तिच्यासाठी दाढ कमी घासावी लागते. धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप दाताच्या रंगाची दिसते, पण तिचा सिरॅमिकचा थर कधी कधी उडतो. झिर्कोनियाची कॅप मजबूत आणि दिसायला चांगली असते, पण महाग पडते. मागच्या दाढेसाठी केवळ दिसण्यापोटी झिर्कोनिया घेण्याची गरज नाही.

दाढ वाचवता येण्यासारखी नाही, हे कसे ठरते?

हिरडीच्या वर चहूबाजूंनी निदान दीड-दोन मिलिमीटर उंचीची निरोगी भिंत उरली पाहिजे, म्हणजे कॅपला धरायला आधार मिळतो. सगळी दाढ हिरडीच्या पातळीपर्यंत किडून गेली असेल, कीड मुळे जिथे फाटतात तिथे पोहोचली असेल, मूळ उभे चिरलेले असेल किंवा हिरडीच्या विकाराने दाढ हलत असेल, तर रूट कॅनाल उत्तम झाले तरी दाढ टिकत नाही. "रूट कॅनाल होईल" आणि "दाढ टिकेल" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून डॉक्टरांना असा थेट प्रश्न विचारावा: ही दाढ आपल्या घरच्या माणसाची असती, तर आपण वाचवली असती का?

दाढ काढली आणि जागा तशीच ठेवली तर काय होते?

सर्वांत मागची दाढ असेल तर बहुधा काहीच होत नाही. मधली असेल तर काही वर्षांत मागची दाढ पुढे कलते, समोरच्या जबड्यातली दाढ मोकळ्या जागेत खाली किंवा वर सरकते, फटीत अन्न अडकते आणि शेजारच्या चांगल्या दातांना कीड लागते. प्रत्येकाच्या तोंडात हे सारखेच घडते असे मात्र नाही. वयस्कर माणसाच्या तोंडात उपदाढांपर्यंतचे (सुळ्यामागच्या लहान दाढांपर्यंतचे) दात वर-खाली नीट भिडत असतील, तर एखादी मागची दाढ नसतानाही जेवण व्यवस्थित होते, हे दंतशास्त्राने पूर्वीच मान्य केलेले आहे. त्यामुळे "दाढ काढली की इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर चढवलेला दात) बसवलाच पाहिजे" असे कोणी ठामपणे सांगितले, तर कारण विचारावे.

मग ब्रिज, इम्प्लांट की काढता-घालता येणारा दात?

काढता-घालता येणारा दात सर्वांत स्वस्त असतो. पण तो तोंडात हलतो, त्याची सवय व्हायला वेळ लागतो आणि एकाच दाढेसाठी तो घालायला अनेकजण कंटाळतात. ब्रिजसाठी रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात घासून त्यांवर कॅप बसवाव्या लागतात. ते दात आधीच किडलेले किंवा भरलेले असतील तर ब्रिज योग्य ठरतो; ते अगदी निरोगी असतील तर त्यांना घासणे मनाला पटत नाही. इम्प्लांटमध्ये हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात, हाड त्याला घट्ट धरेपर्यंत साधारण तीन ते सहा महिने जातात आणि मग वर दात चढवतात. शेजारच्या दातांना हात लागत नाही हा त्याचा मोठा गुण आहे. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा तंबाखूचे व्यसन असेल, तर इम्प्लांट अयशस्वी होण्याचा धोका वाढतो. तंबाखूच्या निपाणी परिसरातील वाचकांना याचा अर्थ अधिक सांगायला नको.

खर्चाचा हिशेब कसा मांडावा?

उदाहरणादाखल आकडे धरू. हे दर कोणत्याही दवाखान्याचे नव्हेत, केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. समजा रूट कॅनालचे ५,००० आणि कॅपचे ५,००० मिळून १०,००० रुपये होतात. दाढ काढायला ८०० रुपये लागतात. जागा रिकामी ठेवायची असेल तर हिशेब तिथेच संपतो आणि काढणे स्वस्त ठरते. पण तीन कॅपचा ब्रिज बसवायचा असेल तर प्रत्येकी ५,००० धरून १५,००० आणि काढण्याचे ८०० असे १५,८०० रुपये होतात, म्हणजे वाचवणेच स्वस्त पडले असते. इम्प्लांट घ्यायचा असेल तर फरक आणखी वाढतो.

यात आपल्या भागासाठी आणखी एक खर्च धरावा लागतो, तो म्हणजे फेऱ्यांचा. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी किंवा कणकुंबीहून बेळगावला यायचे तर अख्खा दिवस जातो, त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि सोबत कोणी आले तर दोघांची बुडते. रूट कॅनालच्या दोन-तीन बैठका आणि कॅपच्या दोन बैठका धरल्या की ही रक्कम किरकोळ राहत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी बैठका किती, हे विचारावे. मोठी सूज किंवा पू नसेल तर अनेक दाढांचे रूट कॅनाल एकाच बैठकीत करता येते आणि त्याचे निकाल साधारणपणे सारखेच मिळतात. मात्र प्रत्येक दाढेला हे लागू पडत नाही, आणि केवळ रुग्णाच्या सोयीसाठी डॉक्टरांनी घाई करावी असाही आग्रह धरू नये.

सांगितलेल्या रकमेत एक्स-रे, आतली भर, पोस्टची (कॅपला आधार म्हणून मुळात बसवायच्या खुंटीची) गरज पडल्यास ती आणि कॅप हे सर्व धरले आहे का, हे कागदावर लिहून घ्यावे. "रूट कॅनालचे इतके" असा तोंडी आकडा ऐकून आलेल्या माणसाला कॅपचा आकडा नंतर कळतो, आणि अर्धवट सोडलेल्या दाढांपैकी अनेक दाढा अशाच तयार होतात.

डेंटल कॉलेजमध्ये उपचार घेणे योग्य आहे का? तिथे विद्यार्थी हात चालवून बघतात ना?

योग्य आहे, आणि ज्यांच्याकडे पैसे कमी पण वेळ थोडा जास्त आहे त्यांच्यासाठी हा सर्वांत चांगला मार्ग आहे असे मी मानतो. बेळगाव शहरात दोन दंत महाविद्यालये आहेत: नेहरूनगरमधील केएलईची विश्वनाथ कत्ती दंतविज्ञान संस्था आणि मराठा मंडळाचे नाथाजीराव हलगेकर दंत महाविद्यालय. धारवाडजवळ सत्तूरला एसडीएमचे दंत महाविद्यालय आहे. अथणी-रायबागच्या लोकांना सांगली जवळ पडते आणि तिथे भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आहे.

अशा ठिकाणी बीडीएसचे (दंतवैद्यकाच्या पदवीचे) विद्यार्थी आणि एमडीएस (पदव्युत्तर पदवी) करणारे डॉक्टर अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. प्रत्येक टप्पा अध्यापकांना दाखवून पुढे जावे लागत असल्यामुळे वेळ लागतो, पण त्यामुळेच कामावर दोन जणांची नजर राहते. अवघड दाढ असेल तर एमडीएसच्या पदव्युत्तर विभागात पाठवण्याची विनंती करावी. त्या विभागाला कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री अँड एंडोडॉन्टिक्स म्हणतात. कॅप बहुधा प्रोस्थोडॉन्टिक्स या वेगळ्या विभागात होते, त्यामुळे एका विभागातून दुसऱ्या विभागात जाण्याची तयारी ठेवावी. सकाळी लवकर पोहोचावे, केसपेपर आणि एक्स-रे जपून ठेवावेत, आणि विद्यार्थ्यांच्या परीक्षा व सुट्ट्यांचा काळ आधीच विचारून घ्यावा, नाहीतर दाढ उघडलेल्या अवस्थेत मध्येच खंड पडतो.

एखाद्या सरकारी योजनेतून हा खर्च मिळतो का?

साध्या रूट कॅनालसाठी आणि कॅपसाठी मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल करून करायच्या उपचारांसाठी आहे. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ८६५ सीमावर्ती गावांतील रहिवाशांना लागू करण्याचा निर्णय घेतला, आणि त्यावरून दोन राज्यांत वादही झाला. परंतु ती योजनादेखील जबड्याचे फ्रॅक्चर किंवा गाठ अशा मोठ्या शस्त्रक्रियांच्या स्वरूपाची आहे, किडलेल्या दाढेसाठी नव्हे. कर्नाटकाची दंतभाग्य योजना दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना कवळी देण्यासाठी आहे. घरातील ज्या वृद्धांचे सगळे दात गेले आहेत, त्यांच्यासाठी तिची चौकशी अवश्य करावी. खासगी आरोग्य विमाही अपघाताने दात तुटल्याखेरीज दातांचा खर्च सहसा देत नाही. पॉलिसीतील ओपीडीचे कलम वाचून पाहावे. सरकारी दवाखान्यात दाढ काढणे मात्र अगदी अल्प खर्चात होते.

उसाचे बिल आले की करू म्हणतो. तोपर्यंत थांबता येईल का?

कारखान्याचे बिल कधी येईल हे शेतकऱ्याला ठाऊक नसते, आणि कीड तर बिलाची वाट पाहतच नाही. थांबणे अपरिहार्यच असेल तर काहीच न करता थांबू नये. नस अजून ठीक असेल तर डॉक्टर कीड काढून ग्लास आयोनोमर सिमेंट भरू शकतात. हा खर्च थोडा असतो आणि कधी कधी रूट कॅनालची वेळच येत नाही. नस गेलेली असेल तर पहिल्या बैठकीत ती काढून, आत औषध ठेवून वर तात्पुरते सिमेंट लावता येते. त्याने दुखणे थांबते आणि काही आठवड्यांची सवड मिळते. ही सवड आठवड्यांचीच असते. तात्पुरते सिमेंट हंगामभर टिकेल अशी समजूत करून घेणाऱ्यांना दाढेचा अर्धा भाग हातात घेऊन परत यावे लागते. रक्कम टप्प्याटप्प्याने देण्याबद्दल बहुतेक दवाखान्यांत बोलता येते. हप्त्यांची योजना कर्ज देणाऱ्या कंपनीमार्फत असेल, तर प्रक्रिया शुल्क आणि उशिराचा दंड आधी पाहावा. तुलनेसाठी आपल्या बचत गटाचे किंवा सोसायटीचे व्याजही पाहावे.

लवंग, मशेरी किंवा धुरी यांनी कीड मरते का?

लवंगाच्या तेलातील युजेनॉलमुळे नस काही वेळ सुन्न होते, कीड मरत नाही. कापसाच्या बोळ्यावर थेंबभर तेल घेऊन खड्ड्यात ठेवायला हरकत नाही. मात्र ते हिरडीवर ओतल्यास हिरडी भाजते. अॅस्पिरिनची गोळी दाढेशेजारी धरून ठेवल्यानेही असेच पोळते. मशेरीने दुखणे कमी वाटते ते तंबाखूमुळे, आणि त्याची किंमत हिरड्या आणि गालाची त्वचा मोजते. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतल्या अळ्या पाडून दाखवणारे लोक यात्रांत आणि बाजारांत आजही भेटतात. त्या पांढऱ्या अळ्या बियांतलेच तुकडे असतात. किडलेल्या दातात अळी नसते. साखरेवर जगणारे जंतू आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात विरघळत जातो.

मेडिकलमधून अँटिबायोटिक घेतले की बरे वाटते. तेच पुन्हा घेतले तर?

मेलेल्या नसेत रक्तपुरवठाच नसतो, त्यामुळे औषध तिथे पोहोचत नाही. आजूबाजूची सूज उतरते आणि संसर्गाचे मूळ जागेवर राहते. ताप, पसरणारी सूज असे काही असेल तेव्हा डॉक्टर अँटिबायोटिक देतात, तेही दाढेच्या उपचारासोबत. नुसत्या ठणक्यासाठी पॅरासिटामॉल, किंवा आयबुप्रोफेन चालत असेल तर ते, अधिक उपयोगी पडते. आम्लपित्ताचा व्रण, मूत्रपिंडाचा विकार, दमा, रक्त पातळ होण्याचे औषध किंवा गरोदरपण यांपैकी काही असल्यास आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नये.

वरची दाढ काढली की डोळे अधू होतात का?

नाही. दातांना संवेदना देणारी मज्जातंतूची शाखा वेगळी आहे आणि दृष्टीची नस वेगळी. ही भीती बाळगून वर्षानुवर्षे पू सांभाळणारी माणसे आहेत, म्हणून हा प्रश्न येथे घेतला. उलट वरच्या दाढेचा संसर्ग पसरत राहिला, तर सूज डोळ्यापर्यंत चढू शकते.

मुलाची दुधाची दाढ आहे, पडणारच आहे. तिच्यावर खर्च का करायचा?

दुधाच्या मोठ्या दाढा साधारण दहा ते बारा वर्षांच्या वयात पडतात. मूल सहा वर्षांचे असेल तर ती दाढ आणखी चार-सहा वर्षे लागणार आहे, आणि लवकर काढली तर खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा आक्रसते. मूल अकरा वर्षांचे असेल आणि दाढ हलू लागली असेल, तर काढणे रास्त आहे. लहान मुलांसाठी पल्पोटोमी (नसेचा फक्त वरचा, बिघडलेला भाग काढणे) आणि स्टीलची तयार कॅप हा तुलनेने स्वस्त आणि भरवशाचा उपाय आहे. मूल बसूच देत नसेल तर सिल्व्हर डायमिन फ्लोराइड लावून कीड थोपवता येते. किडलेला भाग काळा पडतो, एवढे मान्य करावे लागते. एक सूचना मात्र विसरू नये: सहाव्या वर्षी सगळ्यात मागे येणारी दाढ दुधाची नसते. ती कायमची असते, आणि दुधाची समजून ती गमावलेली मुले आपल्याकडे पुष्कळ आहेत.

वडील सत्तरीच्या पुढे आहेत, मधुमेह आणि हृदयाचे औषध चालू आहे. या वयात रूट कॅनाल झेपेल का?

वय हे कारण होऊ शकत नाही. उलट रक्त पातळ होण्याचे औषध चालू असलेल्या माणसाला दाढ काढण्यापेक्षा रूट कॅनाल अनेकदा सोयीचे ठरते, कारण त्यात रक्तस्राव फारसा होत नाही. ते औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये; बंद करायचे की नाही, हे हृदयाचे डॉक्टर आणि दंतवैद्य मिळून ठरवतात. साखर फार वाढलेली असेल आणि तातडी नसेल तर आधी ती आटोक्यात आणावी. हृदयात कृत्रिम झडप असल्यास ते आवर्जून सांगावे, कारण उपचारापूर्वी अँटिबायोटिक द्यावे लागते. हाडांच्या ठिसूळपणासाठी इंजेक्शने किंवा गोळ्या चालू असतील तर तेही सांगावे, कारण त्या औषधांवर असताना दाढ काढल्यास जबड्याचे हाड भरून यायला अडचण येऊ शकते.

गरोदर स्त्रियांसाठी चौथा ते सहावा महिना उपचाराला सोयीचा असतो. बधिर करण्याचे इंजेक्शन आणि आवश्यक असलेला एक्स-रे योग्य काळजी घेऊन या काळात घेता येतो. पू झाला असेल तर कोणत्याही महिन्यात अंगावर काढू नये.

दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे का? पहिल्यांना वाईट वाटेल.

घ्यावे, आणि संकोच करू नये. एक्स-रेचा फोटो मोबाइलवर मागून घ्यावा, म्हणजे पुन्हा काढावा लागत नाही. कर्नाटकात खासगी वैद्यकीय आस्थापनांना २००७ च्या कायद्यानुसार नोंदणी करावी लागते आणि दरपत्रक दर्शनी जागी लावावे लागते; ते दिसत नसेल तर विचारण्याचा अधिकार रुग्णाला आहे. पाटीवर बीडीएस किंवा एमडीएस ही पदवी आणि नोंदणी क्रमांक पाहावा. संमतीपत्र बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असते. आपल्याला ते वाचता येत नसेल तर मराठीतून समजावून घेतल्यावरच सही करावी. बेळगावातील बहुतेक दवाखान्यांत हे सांगणारे कोणी ना कोणी असते. एकाच भेटीत सहा-सात दाढांना रूट कॅनाल सांगितले गेले आणि त्यांपैकी एकही दुखत नसेल, तर दुसरे मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कोणत्या परिस्थितीत हा सगळा विचार बाजूला ठेवून लगेच निघावे?

जबड्याखाली किंवा गळ्याकडे सूज पसरत असेल, तोंड उघडत नसेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, डोळा सुजून मिटत असेल, किंवा सुजेसोबत थंडी वाजून ताप येत असेल, तर दंतवैद्याच्या वेळेची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे, मग ते बेळगावचे जिल्हा रुग्णालय असो वा जवळचे दुसरे कोणते. खालच्या दाढेचा पू जिभेखाली उतरला तर काही तासांत श्वासमार्ग बंद होऊ शकतो. तेव्हा दाढ राहील की जाईल, हा प्रश्न दुय्यम असतो.

रूट कॅनाल केलेली दाढ काही वर्षांनी पुन्हा दुखू लागली तर पैसे वाया गेले का?

नीट केलेली रूट कॅनाल शंभरापैकी साधारण पंच्याऐंशी ते पंच्याण्णव दाढांत यशस्वी होते. म्हणजे काही दाढा पुन्हा दुखणारच. कधी एखादी नळी राहून गेलेली असते, कधी कॅपखाली नवी कीड शिरलेली असते, तर कधी मूळ चिरलेले असते. पहिल्या दोन कारणांत कॅप काढून नळ्या पुन्हा साफ करता येतात; हे काम पहिल्यापेक्षा अवघड आणि महाग असते, म्हणून ते एमडीएस एंडोडॉन्टिस्टकडे (रूट कॅनालच्या तज्ज्ञाकडे) करावे. मूळ चिरले असेल तर दाढ काढावी लागते. त्या वेळी उपचाराचे जुने एक्स-रे आणि बिल जवळ असतील तर नव्या डॉक्टरांचे काम बरेच सोपे होते, म्हणून हे कागद रेशनकार्डाच्या पिशवीतच ठेवावेत.